शालिहोत्र ते बेलगाछिया

घरच्या कुत्र्यास गुळवेलीचा काढा पाजावा काय, मांजरास हळद द्यावी काय, असे प्रश्न हल्ली पुष्कळ घरांतून निघतात आणि ‘आपल्या पूर्वजांनी हे सारे लिहून ठेवले आहे’ असे त्यांस उत्तर मिळते. लिहिले आहे, हे खरेच; परंतु कोणत्या प्राण्यांसाठी लिहिले, हे पाहण्यास कोलकात्यासारखे सोयीचे गाव नाही.

जयदत्तसूरीचे ‘अश्ववैद्यक’ येथील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १८८६-८७ साली छापले गेले; संपादक कविराज उमेशचंद्र गुप्त. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ मात्र १८९४ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने काढला. त्यातील प्रश्नकर्ता रोमपाद राजा अंगदेशचा, म्हणजे भागलपूरकडचा. हत्ती पूर्वेचे आणि छापखाना पुण्याचा! बदलीवरील मराठी माणसास या योगाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. कुमाऊंच्या रुद्रदेवाचे ‘श्यैनिकशास्त्र’ हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० मध्ये कोलकात्यातच प्रसिद्ध केले. त्यात शिकारी ससाण्यांवरील उपचारही आहेत. घोडा आणि हत्ती ही सैन्याची अंगे, ससाणा राजाच्या हौसेचा. उंबऱ्यावर निजणारे कुत्रे किंवा चुलीपाशी बसणारे मांजर हा या तिन्ही ग्रंथांचा विषय नव्हे.

ज्याला आपण आज रोगप्रतिकारशक्ती म्हणतो, त्याला चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द आहे. अकराव्या शतकात गौडदेशच्या चक्रपाणिदत्ताने त्याचे दोन अर्थ फोडून सांगितले: आलेल्या व्याधीच्या बळास विरोध करणे, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. वनौषधींचा वाद मला या दोन अर्थांपाशीच येऊन थांबलेला दिसतो. पहिल्या कामी त्यांचा उपयोग होत असेल. दुसऱ्या कामी पशूंच्या महारोगांपुढे त्या उणी पडल्या.

बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडत. तिच्यासारख्या रोगांच्या शोधासाठी १८८९ मध्ये पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. त्याच १८९३ साली, डमडमहून मेट्रोने शहराकडे निघताच जे पहिले स्थानक लागते त्या बेलगाछियास, पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. म्हणजे जुने ग्रंथ छापले जात होते त्याच आठ-दहा वर्षांत, त्याच दोन शहरांत, नवे शास्त्रही पाय रोवीत होते. परस्परांशी त्यांचे बोलणे फारसे झाले नाही. बुळकांडी अखेर लसीनेच हटली, आणि २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

हे बोलणे अलीकडे कोठे सुरू झाले आहे, तेही गाईपुरते. कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचविते. घरच्या लाडक्या जनावरांची गोष्ट निराळी. आपल्या फोडणीतील कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, आणि मांजराचे यकृत तर कित्येक वनस्पतिद्रव्ये पचवू शकत नाही. घोड्याच्या मात्रेला वजनाने भागून मांजराची मात्रा काढणे हा हिशेब आमच्या कचेरीत चालेल, मांजराच्या पोटात नाही.

राहता राहिला पिसाळ. पाश्चरने त्यावरची लस पहिल्यांदा माणसास टोचली ती १८८५ मध्ये, ‘अश्ववैद्यक’ छापून निघण्याच्या आदल्याच वर्षी. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की कुत्र्यास काय किंवा माणसास काय, काढा उपयोगी पडत नाही आणि लसही नाही. म्हणून बेलगाछियाची खेप कुत्रे धडधाकट असतानाच करावयाची असते, आणि लशीची तारीख दरवर्षी टिपून ठेवावयाची असते.