संगणक मुका का होतो?

गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकमित्रांचा आम्हाला फोन आला. शाळेच्या संगणकखोलीतल्या आठ यंत्रांवर दिवाळीच्या सुट्टीत नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवली होती. पडदा छान दिसत होता, अक्षरे सुरेख उमटत होती. पण आठपैकी तीन यंत्रांतून आवाज येईना. स्पीकर बदलून झाले, वायरी हलवून झाल्या. "सर, आदल्या दिवसापर्यंत वाजत होते. एका रात्रीत तीन यंत्रे एकदम कशी बिघडतील?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

इतर मुलांची यात थोडी गैरसोय झाली, इतकेच. पण नववीतला एक मुलगा दृष्टिहीन आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने तो संगणकावर निबंध लिहितो. मुक्या झालेल्या तीन यंत्रांपैकी एक त्याचे होते आणि तो प्रोग्रॅम त्याच यंत्रावर होता. त्याच्या दृष्टीने यंत्राचा केवळ आवाज गेला नव्हता, सारे यंत्रच गेले होते.

आम्ही शाळेत जाऊन पाहिले तेव्हा एकही सुटा भाग बिघडलेला आढळला नाही. हरवला होता तो एक छोटासा प्रोग्रॅम. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो का हरवतो, हे समजून घ्यायचे तर चाळीसएक वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

दुभाष्याचे काम

ड्रायव्हर या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे गाडी चालवणारा माणूस येतो. त्यापेक्षा दुभाष्या हा शब्द अधिक बरोबर ठरेल. संगणकात आवाज साठवलेला असतो तो आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीसाठी एका सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, ४४,१०० आकडे लागतात. ध्वनीची चिप हे आकडे एकामागून एक घेते आणि त्यांचे कमी-जास्त विद्युतदाबात रूपांतर करते. त्यामुळे स्पीकरचा पडदा हलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

हे आकडे चिपच्या कोणत्या कप्प्यात टाकायचे, कोणत्या वेगाने टाकायचे, आवाज मोठा करायचा तर कोणता आकडा बदलायचा, हे मात्र प्रत्येक चिपचे वेगळे असते. कार्यप्रणाली फक्त "हा आवाज वाजव" असे सांगते. तो आदेश त्या विशिष्ट चिपच्या भाषेत सांगण्याचे काम ड्रायव्हर करतो. म्हणजे दुभाष्याला दोन भाषा याव्या लागतात: एक कार्यप्रणालीची, दुसरी चिपची. कार्यप्रणाली बदलली की पहिली भाषा बदलू शकते. चिप तीच, स्पीकर तोच. पण मधला दुभाष्या निरुपयोगी होतो.

प्रत्येकाचा आपापला दुभाष्या

१९८१ साली आयबीएम कंपनीने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्यात एक छोटा स्पीकर होता. तो एका घड्याळ-चिपला जोडलेला असे आणि बहुतांशी पीं-पीं करण्यापुरताच उपयोगी पडे.

१९८७ साली कॅनडातल्या क्विबेक येथील ॲडलिब कंपनीने संगीतासाठी वेगळे कार्ड काढले. तिचे संस्थापक मार्टिन प्रेव्हेल हे संगीताचे प्राध्यापक होते. कार्डावर यामाहा कंपनीची चिप होती आणि ती एका वेळी नऊ स्वर काढू शके. या चिपमागचे तत्त्व अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चाउनिंग यांनी शोधले होते. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता हलवली, तर अगदी थोड्या सामग्रीतून समृद्ध स्वर मिळतो, हे ते तत्त्व. १९७३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

पुढे १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले. सिम वाँग हू यांनी १९८१ साली ही कंपनी स्थापन केली होती. ॲडलिबसाठी लिहिलेले संगीत या कार्डावर वाजेच, शिवाय माणसाचा ध्वनिमुद्रित आवाजही वाजे. कार्ड लवकरच इतके पसरले की इतर कंपन्या आपल्या खोक्यांवर "साउंड ब्लास्टरशी सुसंगत" असे छापू लागल्या.

त्या काळच्या डॉस या कार्यप्रणालीत ध्वनीसाठी सोयच नव्हती. त्यामुळे प्रत्येक खेळाला, प्रत्येक प्रोग्रॅमला आपला दुभाष्या बरोबर आणावा लागे. वापरणाऱ्याला कार्डाचा पत्ता २२०, व्यत्यय-क्रमांक ५ किंवा ७, असे आकडे स्वतः भरावे लागत. एक आकडा चुकला की संगणक मुका, नाहीतर गोठलेला. ज्या वाचकांनी त्या काळी संगणक हाताळले आहेत, त्यांना हे आकडे अजून पाठ असतील!

दुभाषे दरबारात दाखल होतात

ही अनागोंदी संपवायची, तर दुभाष्याला कार्यप्रणालीने आपल्याकडे ठेवून घेणे हाच उपाय होता. मायक्रोसॉफ्टने १९९१ साली विंडोजला ध्वनी-चित्राची जोड दिली आणि १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती सर्वांना मिळाली. आता चिपचा ड्रायव्हर एकदाच बसवायचा आणि सगळ्या प्रोग्रॅमनी त्याच्यामार्फत बोलायचे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने तर कार्ड ओळखून त्याचे आकडे आपणच ठरवण्याची व्यवस्था केली.

सोय मोठी होती, पण तिची किंमतही होती. दुभाष्या आता दरबाराचा नोकर झाला. दरबाराची भाषा बदलली की त्यालाही ती शिकणे भाग होते. आणि त्याला शिकवणार कोण? चिप बनवणारी कंपनी. कारण चिपची भाषा बहुधा तिलाच ठाऊक असे. जुनी चिप विकून झालेली असेल, तर तिच्या दुभाष्याला नवी भाषा शिकवण्यात कंपनीला फायदा नसे. कंपनी बुडाली असेल, तर विचारायलाच नको. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हा विंडोज ९५ च्या काळातले कित्येक ड्रायव्हर असेच निकामी झाले.

सर्वांत मोठा बदल जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आला. पूर्वी ध्वनीचे बरेचसे काम कार्यप्रणालीच्या गाभ्यात चाले. तिथे ड्रायव्हरने चूक केली की अख्खा संगणक बंद पडे. म्हणून व्हिस्टात ध्वनीचे पुष्कळ काम गाभ्याबाहेर काढले गेले. तांत्रिकदृष्ट्या हे योग्यच होते. पण अनेकांची महागडी साउंड कार्डे अर्धी मुकी झाली. २००८ साली ब्राझीलमधल्या एका हौशी प्रोग्रॅमरने क्रिएटिव्ह कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये बदल करून हरवलेल्या सोयी व्हिस्टावर परत मिळवल्या. कंपनीने त्याला ते थांबवायला सांगितले. ग्राहक इतके चिडले, की कंपनीला नमते घ्यावे लागले. कार्ड आपल्या पैशाने घेतले, तरी त्याच्या दुभाष्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यावेळी प्रथमच हजारो सामान्य माणसांना पडला असेल.

दुसरी वाट

याच काळात एक वेगळी वाट तयार होत होती. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स सुरू केली आणि १९९२ साली हान्नू साव्होलाइनेन यांनी तिच्यासाठी साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर लिहिला. १९९८ पासून चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी ध्वनीची नवी व्यवस्था उभारली. तिचे नाव आल्सा. इथे दुभाष्याचे सारे ज्ञान उघड लिहिलेले असते. गाभ्यात बदल करणाराच बहुधा त्याबरोबर ड्रायव्हरही दुरुस्त करतो. मूळ कंपनी उरली नाही, तरी तिची चिप बोलत राहू शकते.

म्हणजे तिकडे सारे आलबेल होते, असे नाही. आल्साच्या सुरुवातीच्या काळात कार्ड बसवल्यावर सगळे आवाज मुद्दाम बंद ठेवलेले असत आणि ते आपण उघडावे लागत. ड्रायव्हर जागेवर, चिप जागेवर, तरी शांतता! अनेकांनी त्यापायी रात्री जागवल्या.

सर्वांनी मान्य केलेली भाषा

तिसरा उपाय सर्वांत साधा होता. प्रत्येक चिपची भाषा वेगळी का असावी? १९९७ साली इंटेलने ध्वनीच्या चिपांसाठी एक प्रमाण ठरवले आणि २००४ साली त्याच्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ हे नवे प्रमाण आणले. यूएसबीने जोडायच्या ध्वनी-उपकरणांसाठी १९९८ साली जाहीर प्रमाण निघाले. भाषा जाहीर असल्याने एकच सर्वसाधारण दुभाष्या अनेक कंपन्यांच्या उपकरणांना चालतो आणि तो कार्यप्रणालीतच दिलेला असतो. कंपनीच्या खास सोयी कदाचित मिळत नाहीत, पण आवाज येतो.

पुन्हा शाळेत

हा इतिहास माहीत असल्यामुळेच आमचे काम सोपे झाले. आम्ही प्रथम यूएसबीचा साधा हेडफोन त्या मुलाच्या यंत्राला जोडला. काही क्षणांतच यंत्र बोलू लागले. मुलाने हेडफोन कानाला लावला, कळफलक ओढून घेतला आणि आमच्याकडे लक्ष न देता अर्धवट राहिलेला निबंध उघडला.

मग उरलेली यंत्रे. डिव्हाइस मॅनेजर या यादीत ध्वनीच्या उपकरणापुढे पिवळे चिन्ह दिसत होते. त्याच्या तपशिलात हार्डवेअर आयडी असतो. त्यात चार-चार अंकांच्या दोन संख्या असतात, एक कंपनीची आणि दुसरी त्या नमुन्याची. हे अंक सोळा पायाच्या पद्धतीतले असतात, म्हणून चार जागांत १६×१६×१६×१६, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली तिने आणलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचेच ते नाव. आठवीच्या मुलांनी हे क्रमांक वहीत उतरवून घेतले. चिप बनवणाऱ्या कंपनीने नव्या कार्यप्रणालीसाठी ड्रायव्हर काढलाच नव्हता आणि जुना अर्धवट शिल्लक होता. तो काढून टाकला, कार्यप्रणालीतलाच हाय डेफिनिशन ऑडिओचा सर्वसाधारण ड्रायव्हर यादीतून निवडला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. तिन्ही यंत्रे बोलू लागली.

शिक्षकांना आमची विनंती आहे की नवी कार्यप्रणाली बसवण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक यंत्राच्या ध्वनी-चिपचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. चालू असलेल्या ड्रायव्हरची प्रत बाजूला काढावी. आणि आधी एकाच यंत्रावर प्रयोग करून पाहावा. ते यंत्र दृष्टिहीन विद्यार्थ्याचे नसावे. क्रमांक लिहिण्याचे काम मुलांकडे सोपवले, तर सोळा पायाच्या संख्यांचा एक तास आयताच होतो.

शेवटी एक जुनी गोष्ट. १९८४ साली डिजिटल कंपनीने डेकटॉक नावाची बोलणारी पेटी काढली. तिच्या आवाजामागे एमआयटीतील डेनिस क्लॅट यांचे संशोधन होते. संगणकाने केबलमधून साधी अक्षरे पाठवायची आणि पेटीने ती उच्चारायची. अशा पेट्या महाग होत्या, पण साउंड कार्डाच्या ड्रायव्हरची त्यांना गरज नव्हती. पुढे बोलण्याचे काम संगणकातल्या प्रोग्रॅमकडे आले. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेला एनव्हीडीए हा वाचक-प्रोग्रॅम तर मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. दृष्टिहीनांना संगणक परवडू लागला तो यामुळेच. मात्र त्याबरोबर त्यांची सारी भिस्त एका न दिसणाऱ्या दुभाष्यावर येऊन पडली. यंत्र विकत घेताना आपण वेग विचारतो, साठवण विचारतो. याचा दुभाष्या कोणाच्या हातात आहे आणि तो किती वर्षे टिकेल, हेही विचारायला आपण शिकले पाहिजे.