दुधातला वारसा

आपल्याकडे एखाद्याने पराक्रम केला म्हणजे तो आईच्या दुधाला जागला असे म्हणतात, आणि तोच वाकड्या वाटेने गेला म्हणजे दोष रक्ताला देतात. रक्ताचा वारसा निराळा आणि दुधाचा निराळा, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पण हाच भेद प्रयोगशाळेत, उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे वर्षानुवर्षे बसून तपासणारी एक मराठी बाई मुंबईत, परळला होऊन गेली. डॉक्टर कमल रणदिवे. चकली-करंजीच्या ताटाशेजारी कर्करोगाचा विषय मांडला म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु या दुखण्याची सावली पडली नाही असे घर आता शोधूनच काढावे लागेल. आणि अशा घरांतून हलक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: आजीला झाला, आईला झाला, मग मुलीचे काय? कमलाबाईंच्या आयुष्याची उमेदीची वर्षे या प्रश्नाभोवती गेली.

त्यांचा जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. माहेरच्या समर्थ. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने हुजूरपागेत शिकावे, डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असा त्यांचा बेत होता. मुलीने त्यातले हुजूरपागेपर्यंतचे ऐकले. पुढे ती वडिलांच्याच कॉलेजात वनस्पती आणि प्राणी यांचे शास्त्र शिकली, १९३९ साली ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञांशी विवाहबद्ध झाली, आणि १९४३ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी आणि त्यांतली गुणसूत्रे. लग्नानंतर चार वर्षांनी, ऐन महायुद्धाच्या महागाईत, सीताफळाच्या पेशी मोजत बसणाऱ्या सुनेकडे शेजारणींनी कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना मी करू शकते! पतीचे मात्र या अभ्यासाला मनापासून साह्य होते, आणि ही गोष्ट त्यांच्या चरित्रात बारीक अक्षरांत लिहिण्याजोगी नव्हे.

पुढे बिऱ्हाड मुंबईला आले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले होते आणि तेथल्या प्रयोगशाळेवर डॉक्टर वसंत रामजी खानोलकर होते. आपल्या देशातल्या रोगनिदानशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते हेच. त्यांच्या हाताखाली काम करून कमलाबाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हेन्रिएटा लॅक्स या निग्रो समाजातल्या गरीब स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी १९५१ साली काचपात्रात जगवल्या त्या याच गायसाहेबांच्या प्रयोगशाळेत. त्या पेशी आजतागायत जगभर वाढत आहेत. पेशींची ही शेती म्हणजे काय, हे समजायला आपले विरजण आठवावे. थोडेसे बाजूला काढायचे, नव्या दुधात लावायचे, पुन्हा त्यातले थोडे काढायचे. फरक इतकाच, की विरजणाला भांडे नुसते स्वच्छ असले तर पुरते. पेशींना ते इतके निर्जंतुक लागते की एका शिंकेने महिन्याभराची मेहनत मातीमोल व्हावी.

ती विद्या घेऊन त्या परत आल्या. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, आणि तेथे कमलाबाईंनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा घातली. देशातली ती या प्रकारची पहिली. नंतर पेशीशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, कर्करोगाची उत्पत्ती, असे एकेक विभाग त्यांनी उभे केले.

आता उंदरांकडे वळू. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिट्नर या शास्त्रज्ञाने एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचा एक वाण असा होता की त्यातल्या माद्यांना हमखास स्तनाचा कर्करोग व्हायचा. लोक म्हणत, हा रक्ताचा दोष. बिट्नरने त्या माद्यांची पिल्ले जन्मताच उचलली आणि निरोगी वाणाच्या माद्यांच्या कुशीत घातली. पिल्ले दूधआईच्या दुधावर वाढली, आणि त्यांच्यातले रोगाचे प्रमाण झपाट्याने उतरले. म्हणजे रोग रक्तातून येत होता त्याहून अधिक दुधातून येत होता. दुधात काहीतरी होते. ते काय, हे मात्र तेव्हा कळले नाही.

कमलाबाईंनी हाच धागा परळला उचलला. दूध, अनुवंश आणि हार्मोन या तिघांचे आपसांत काय नाते आहे, याचा छडा लावण्यासाठी त्यांनी उंदरांवर काम मांडले. केंद्रात उंदरांचा एक स्वतंत्र वाण तयार झाला, त्याला केंद्राच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून आय.सी.आर.सी. असे नाव पडले. वाण तयार करणे हे वाचायला सोपे आहे. शुद्ध वाण म्हणवून घ्यायला भावाबहिणींची जोडी लावत निदान वीस पिढ्या जाव्या लागतात, आणि प्रत्येक पिढीत कोण कोणाचे पिल्लू, कोणाला गाठ आली, कधी आली, हे वहीत टिपावे लागते. एखाद्या जुन्या घराण्याचा कुळवृत्तांतही इतक्या निगुतीने ठेवलेला क्वचितच सापडेल.

दुधातली ती वस्तू म्हणजे एक विषाणू होता. परंतु तो करतो काय, हे कळायला १९७० साल उजाडावे लागले. इथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. माझी मॅट्रिकची विद्या त्याला पुरेल तितके सांगते.

त्याच १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि तेव्हापासून आमच्या दिवाळे गावातल्या कोळ्याआगऱ्यांच्या पोरांनाही सातबारा आणि नक्कल हे शब्द पाठ झाले. तलाठ्याचे मूळ दप्तर कचेरीतून हलत नाही. तुम्हाला मिळते ती नक्कल, आणि बाहेरची सारी कामे त्या नकलेवर होतात. पेशीचेही असेच आहे. डी.एन.ए. हे मूळ दप्तर, ते पेशीच्या केंद्रात कुलूपबंद. त्यातल्या हव्या त्या नोंदीची नक्कल उतरून घेतात, ती आर.एन.ए.; आणि त्या नकलेवरून पेशी आपली प्रथिने घडवते. नक्कल उतरण्याच्या या कामाला शास्त्रात प्रतिलेखन म्हणतात. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत दप्तर एकच असते. कोणत्या नोंदीच्या नकला उतरायच्या आणि कोणत्या मिटून ठेवायच्या, एवढ्यानेच यकृत हे यकृत होते आणि डोळा डोळा होतो.

मूळ दप्तरावरून नक्कल उतरते, नकलेवरून दप्तरात नोंद होत नाही, असे सारे धरून चालले होते. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळे काम करून दाखवले की काही विषाणू हीच उलटी कारागिरी करतात. ते स्वतः नुसती नक्कल असतात. पेशीत शिरतात, आपल्यावरून डी.एन.ए. घडवतात आणि ते मूळ दप्तरात घुसडून देतात. खोट्या नकलेवरून फेरफार नोंदवून घ्यावा, तसे! १९७५ साली दोघांना नोबेल मिळाले. उंदराच्या दुधातला विषाणू याच टोळीतला. त्याच्या डी.एन.ए.त हार्मोनांना ओ देणारी एक कळ असते. मादी गाभण राहिली, पिल्लांना पाजू लागली, म्हणजे शरीरातले हार्मोन वाढतात, ती कळ दाबली जाते आणि विषाणूच्या नकला भराभर उतरू लागतात. नेमक्या पाजत्या आईच्या दुधात तो का उतरतो, ते यावरून उमगते. पुढे १९८२ साली रूल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी दाखवले की हा विषाणू पेशीच्या एका विशिष्ट जनुकाशेजारी जाऊन बसतो, आणि मिटून ठेवलेल्या त्या नोंदीच्या नकला अवेळी उतरू लागतात. गाठीची सुरुवात तिथे होते. दूध, हार्मोन आणि अनुवंश ही तिन्ही टोके अशी एका गाठीत बांधली गेली. हा उलगडा परळला झाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ही तीन टोके एकमेकांशी जोडलेली आहेत असे धरून ज्यांनी पूर्वीच काम आरंभले होते, त्यांत परळची प्रयोगशाळा होती.

मग साहजिकच प्रश्न आला: माणसाच्या दुधात असे काही असेल काय? पारशी समाजात लग्ने आपसांत होतात आणि त्यांच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळत होते. म्हणून मुंबईच्या पारशी मातांचे दूध तपासले गेले. अमेरिकेतले डॅन मूर यांच्याबरोबर परळच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ सत्यवती शिरसाट यांचाही यात हात होता. १९७१ साली 'नेचर' या विख्यात पत्रिकेत निबंध आला, की काही मातांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळतात. केवढी खळबळ! आपल्या बाळाला छातीशी घ्यावे की नाही, अशी शंका आईच्या मनात येणे याहून क्रूर गोष्ट कोणती? पुढच्या तपासात मात्र ते कण माणसाच्या कर्करोगाचे कारण आहेत असे सिद्ध झाले नाही. अंगावर पाजल्याने आईचा या रोगाचा धोका थोडा कमीच होतो, हे आता पक्के आहे.

कमलाबाईंवरच्या लेखांतून एक वाक्य हटकून भेटते, की स्तनाचा कर्करोग आणि अनुवंश यांचा संबंध जगात प्रथम त्यांनीच ओळखला. मला हे वाक्य रुचत नाही. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या माहेरच्या पिढ्यांतली या रोगाची नोंद १८६६ सालीच छापली होती. ज्या बाईने आयुष्यभर वहीत खरेच तेवढे टिपले, तिला उसन्या मोठेपणाची काय गरज? घराण्यातून जाणाऱ्या दोषाचा ठाव १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांना सतराव्या गुणसूत्रावर लागला, आणि १९९४ साली ते जनुक हाती आले. तेव्हा आजी-आई-मुलीच्या प्रश्नाला काहीसे उत्तर मिळाले. शंभरांतल्या सुमारे पाच ते दहा रुग्णांत दोष वारशाने आलेला असतो, बाकीच्यांत नसतो. आणि तो आहे की नाही हे आता तपासून कळते.

कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी काम केले. त्या कामातून निघालेल्या जंतूवरून पुढे लस बनली आणि दक्षिणेत तिच्या चाचण्या झाल्या. १९६६ ते १९७० त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले, आणि १९८२ साली पद्मभूषण मिळाले. पण मला त्याहून अगत्याची वाटते ती १९७३ सालची गोष्ट. त्या वर्षी त्यांनी इतर काही जणींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचे ठाणे आमच्याच खाडीच्या काठाने वर गेले की वाशीला आहे. तेथे विज्ञानाच्या कामाबरोबर नोकरी करणाऱ्या मुलींचे वसतिगृह आणि लहान मुलांचे पाळणाघर चालते. शास्त्रज्ञ बाईच्या वाटेतला अडसर बुद्धीचा नसून बहुधा पाळण्याचा असतो, हे त्यांनी नेमके हेरले होते.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९८९ च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर, त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत हिंडत होत्या. २००१ साली त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी परळची संशोधन संस्था खारघरच्या डोंगराखाली नव्या इमारतींत आली. आमच्या दिवाळ्याहून ते अंतर फार नाही. तेथे आज गाठीतल्या पेशींतून कोणत्या नोंदींच्या नकला किती उतरतात, हे यंत्रावर मोजतात.