महाराष्ट्र केसरी : मानाची गदा आणि निकालाचे वाद

महाराष्ट्र केसरी हा राज्यातील कुस्तीचा सर्वोच्च किताब. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने 1953 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. 1961 मध्ये औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. त्याआधी कुस्तीचा कारभार संस्थानिक, गावकरी आणि यात्रा समित्या पाहत. शाहू महाराजांनी बांधलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. जंगी मैदानांची रीत तिथे ठळकपणे दिसे, आणि गावोगावच्या जत्रांत ती आजही टिकून आहे.

या मैदानांत जोडी आधी ठरते, इनाम आधी जाहीर होते. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि हलगीच्या कडकडाटात शेवटची मोठी कुस्ती लागते. पंच म्हणून एखादा जुना वस्ताद उभा राहतो. पाठ लागली की कुस्ती निकाली, नाही लागली तर बरोबरीत सोडवायची. हजारो डोळ्यांसमोर चितपट झालेल्या मल्लाला तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

महाराष्ट्र केसरीची रचना वेगळी आहे. जिल्ह्यांचे संघ येतात, माती आणि गादी असे दोन विभाग खेळवले जातात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. चीत न झाल्यास निकाल गुणांवर लागतो. मुख्य पंच, साइड पंच आणि मॅट चेअरमन मिळून निर्णय देतात. हरकत असल्यास प्रशिक्षकाला चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते. डावाला दोन गुण की चार, हे क्षणार्धात ठरवावे लागत असल्याने पंचाचे काम अवघड झाले. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरणाऱ्या स्पर्धेची व्यवस्था मात्र कायम स्थानिक संयोजकांवर, म्हणजे बहुधा तिथल्या पुढाऱ्यांवर, अवलंबून राहिली.

किताबाचे मोल वाढत गेले. नरसिंग यादव यांनी 2011 ते 2013 आणि विजय चौधरी यांनी 2014 ते 2016 असा सलग तीनदा मान मिळवला. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्याच्या स्पर्धेत पावसाने व्यत्यय आला. विजेता पृथ्वीराज पाटील याने गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र मिळाले नाही, असे उघडपणे सांगितले आणि संयोजनावर टीकेची झोड उठली.

त्याच वर्षी भारतीय कुस्ती महासंघाने शरद पवार अध्यक्ष असलेली जुनी परिषद बरखास्त केली. रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली नवी संघटना आली, जुनी न्यायालयात गेली. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाडला बाहेरच्या टांगेवर चार गुण दिले गेले आणि सिकंदर शेखचे समर्थक खवळले. पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. गायकवाडला अंतिम लढतीत शिवराज राक्षेने मिनिटभराच्या आत चीत केले.

नोव्हेंबर 2023 मध्ये दुफळीचे फळ दिसले. फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेखने राक्षेला हरवून गदा घेतली. काही दिवसांतच दुसऱ्या गटाने धाराशिवला घेतलेल्या स्पर्धेत राक्षेने हर्षवर्धन सदगीरवर मात केली. एकाच महिन्यात महाराष्ट्राला दोन केसरी मिळाले.

2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला वादाने टोक गाठले. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चीत ठरवण्यात आले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे सांगत त्याने दाद मागितली. ती मान्य झाली नाही तेव्हा त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. अंतिम लढतीत अवघे काही सेकंद उरले असताना गुणाच्या मागणीवरून गायकवाडने मैदान सोडले आणि मोहोळ विजयी घोषित झाला. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

असे प्रसंग आंतरराष्ट्रीय कुस्तीतही घडले आहेत. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीतील निर्णयाविरोधात मंगोलियाच्या प्रशिक्षकांनी मॅटवरच कपडे उतरवले. त्यांच्यावरही तीन वर्षांची बंदी आली. मात्र तिथे शिक्षा देणारी जागतिक संघटना एकच होती. महाराष्ट्रात मार्च 2025 च्या अखेरीस दुसऱ्या गटाने पुन्हा वेगळी स्पर्धा घेतली. ही स्पर्धा अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतला झाली. तिथे सोलापूरचा वेताळ शेळके विजेता ठरला. एका हंगामात दोन गदा दिल्या जात असताना पंचांची निवड, त्यांचे प्रशिक्षण, फेरतपासणीची सोय आणि मल्लांवरील कारवाई यांसाठी सर्वांना मान्य असे एकच ठिकाण राज्यात उरले नाही.