जेते, त्यांचे शत्रू आणि माहूरची आठवण



इतिहास जेते लिहितात, असं आपण सहज बोलून जातो. ते वाक्य आज जरा तपासून बघू. त्यासाठी फार लांब जायला नको, आपलं माहूर पुरेसं आहे.

माहूरच्या कथेत एक जेता आहे, परशुराम. आणि एक शत्रू आहे, माहिष्मतीचा हैहय राजा कार्तवीर्य अर्जुन, ज्याला आपण सहस्रार्जुन म्हणतो. कथा तुम्हाला ठाऊक आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींच्या आश्रमातली कामधेनू नेली, परशुरामाने त्याला मारलं, त्याच्या मुलांनी सूड म्हणून जमदग्नींना मारलं, आणि मग परशुरामाने 21 वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. यातलं काय, कधी घडलं हे शिलालेखाने ठरवता येत नाही. ते पुराण आहे. पण ते कोणी, कुठे आणि कसं जपलं, हा मात्र इतिहासाचाच प्रश्न आहे.

आता बघा, एकच कथा दोन ठिकाणी किती वेगळी राहिली. महाभारत सांगतं की परशुरामाने कुरुक्षेत्राजवळ समंतपंचक इथे रक्ताचे पाच डोह भरले. माहूरला तो कोणत्या रूपात येतो? खांद्यावर कावड घेऊन. एका बाजूला वडिलांचा देह, दुसऱ्या बाजूला आई. कोरी भूमी शोधत तो इथे पोचतो, वडिलांना अग्नी देतो, रेणुका सती जाते. अंत्यविधीसाठी पाणी हवं म्हणून तो बाण मारतो आणि मातृतीर्थ तयार होतं. पुढे आईच्या ओढीने तो वेळेआधी मागे वळून पाहतो, म्हणून जमिनीतून फक्त आईचं मुख वर येतं. साडेतीन पीठांपैकी एक असलेल्या या गडावर आपण आजही त्या मुखाचीच पूजा करतो. म्हणजे तिकडे रक्ताचे डोह आणि इकडे पाण्याचं तीर्थ. जग जिंकणारा वीर माहूरला आईसाठी रडणारा मुलगा म्हणून लक्षात राहिला, आणि गडही आईच्याच नावाने ओळखला जातो.

दुसरी गोष्ट. परशुरामाकडून हे विधी करवून घेतले ते दत्तात्रेयांनी. आणि सहस्रार्जुनाला हजार हातांचा वर कोणी दिला होता? त्याच दत्तात्रेयांनी! दत्तशिखराच्या पायथ्याशी उभं राहिलं की हे लक्षात ठेवावं. जेत्याचा आणि हरणाऱ्याचा गुरू एकच, आणि दोघांनाही त्याने दूर लोटलेलं नाही.

बरं, हरलेल्याचं काय झालं? तो पुसला गेला का? मुळीच नाही. जबलपूरजवळच्या त्रिपुरीचे कलचुरी राजे आपल्या लेखांत याच कार्तवीर्याला अभिमानाने पूर्वज म्हणतात. त्यांच्या लेखांचा मोठा संग्रह नागपूरच्या वा. वि. मिराशींनी 1955 मध्ये संपादित केला. महेश्वरला नर्मदेकाठी राजराजेश्वर मंदिरात सहस्रार्जुनाच्या नावाने तुपाचे अखंड दिवे जळतात. सोलापूरकडचा विणकर सहस्रार्जुन क्षत्रिय समाज त्याची जयंती करतो. आणि सगळ्यांत गमतीची बाब म्हणजे, घरात वस्तू हरवली की जुनी माणसं नाव घेतात ते कार्तवीर्यार्जुनाचं! दुसऱ्याची गाय नेली म्हणून ज्याचा वध झाला, त्याच्याकडेच लोक हरवलेलं परत मागतात. पुढे 1873 मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त परशुरामाची कथा उघडपणे पराभूतांच्या बाजूने वाचली. म्हणजे हरलेल्यांची बाजू कधी मुकी नव्हती.

आता पुराणातून ठाम इतिहासात येऊ. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाचा पराभव केला. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या 19व्या वर्षी नाशिकच्या लेण्यात मुलाची प्रशस्ती कोरवली. त्यात मूलक, म्हणजे आपला पैठणचा गोदाकाठ, त्याच्या राज्यात मोजला आहे आणि क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला असं म्हटलं आहे. निःशेष! पण त्याच डोंगरात, थोड्याच अंतरावर, नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आजही वाचता येतात. ते कोणी फोडले नाहीत. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. पण अनेक नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून दिसतो. शत्रूचं नाणं पुसायला गेलं आणि दोघंही एकाच नाण्यावर कायमचे राहिले.

माहूरचंच आणखी एक उदाहरण, फार जुनं नाही. इथल्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, मुघलांनी जिला रायबागन हा किताब दिला. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत ती कारतलबखानाबरोबर होती, म्हणजे शिवाजी महाराजांच्या विरुद्ध. खिंडीत फौज कोंडली गेली तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिने दिला, हे आपल्याला कोण सांगतं? महाराजांच्याच पदरचे कवींद्र परमानंद, 'शिवभारता'त. जेत्याच्या कवीने शत्रुपक्षातल्या बाईचं शहाणपण नोंदवून ठेवलं, आणि त्याने महाराजांचा विजय काही लहान झाला नाही.

मित्रहो, हे सगळं आज का सांगायचं? आज पुतळा कोणाचा, जयंती कोणाची, मिरवणूक कोणत्या रस्त्याने, यावरून गावं दुभंगतात. दोन्हीकडच्या पोरांना वाटतं की आपला वीर मोठा करायचा तर समोरच्याचा छोटा करावा लागतो. आपली परंपरा तसं सांगत नाही. सहस्रार्जुनाने रावणालाही कैदेत टाकलं होतं, हे सांगितल्याशिवाय परशुरामाचा पराक्रम तरी कसा कळणार? शत्रूला पुसलं की आपल्याच माणसाची गोष्ट अर्धी होते.

आणि शेवटी एवढंच. नाशिकच्या ज्या लेण्यांत हे दोन शत्रू लेखांतून समोरासमोर आहेत, त्यांना लोक म्हणतात पांडवलेणी. माहूरला कोरीव लेणी आहेत, त्यांनाही पांडवलेणीच. पांडवांनी ती कोरली नाहीत, आणि कोरणाऱ्यांचं नाव गावाच्या तोंडी उरलं नाही. तेव्हा माहूरला जाल तर देवीचं आणि दत्ताचं दर्शन घेऊन तसेच परतू नका. मातृतीर्थावर जा, लेणी बघा, आणि बरोबरच्या मुलांना ही कथा दोन्ही बाजूंनी सांगा.