पापडीच्या वेलाची कुळकथा

सुरतेच्या दक्षिण अंगास, यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात वसलेल्या बमरोलीत, उधना-जळगाव लोहमार्गाने नंदुरबार-अमळनेरच्या मुलखातून पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी बिऱ्हाडांनी जी थोडीफार हिरवळ राखली आहे, तीत पापडीचा वेल हटकून दिसतो. आषाढात रंगाच्या रिकाम्या डब्यात टोकलेले बी रुजून सुतळीच्या आधाराने गच्चीच्या कठड्यापर्यंत भराभर चढते खरे, परंतु दिवस आखूड होऊ लागेपर्यंत वेल फुलावर येत नाही. मग आश्विनाच्या सुमारास पानांच्या बेचक्यांतून ताठ तुरे उभे राहतात आणि जांभळी वा पांढरी, पतंगाकार फुले खालून वर क्रमाने उमलत जातात. कोवळ्या तुऱ्यावर मावा बसला तर त्यावर राख भुरभुरावी, हा गावाकडचा उपाय येथेही चालतो.

पापडीच्या शेंगांवाचून उंधियू ही मिश्रभाजी सिद्ध होत नाही, म्हणून सुरतकर त्यांना आपल्या म्हणतात. पापडी हा वालाचाच प्रकार, आणि वालावर कोकणचा हक्कही तितकाच जुना. तथापि या कुळाचे मूळ वतन आफ्रिका होय. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली नामकरण करताना वस्तिस्थान म्हणून मिसर देश नोंदला, पुढे दीर्घकाळ विद्वानांनी आद्यस्थानाचा मान हिंदुस्थानास दिला. परंतु ज्याची आखूड शेंग वाळताच तडकून बी उधळते तो खरा रानवाल पूर्व व दक्षिण आफ्रिकेत आढळतो, आणि हाच पुरावा मला निर्णायक वाटतो.

सुरत बंदराचा मोगल अमदानीतील दबदबा आणि जंजिऱ्याच्या सिद्दींच्या आरमाराचा त्याच्याशी असलेला संबंध ध्यानी घेता, एखाद्या हबशी खलाशाच्या शिध्यातून हे बी येथे उतरले असावे, असा तर्क मनास मोह घालतो; परंतु तो कालगणनेपुढे टिकत नाही. प्रवरेकाठी दायमाबादच्या उत्खननात साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन थरांत वालाचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे सुरतेची पेठ वसण्यापूर्वी कित्येक शतके हा वेल महाराष्ट्राच्या परसात चढला होता. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी हीदेखील आफ्रिकेचीच देणगी असल्याने, बमरोलीतल्या ताटात भाकरी आणि वाल शेजारी येतात, तेव्हा दोन्ही एकाच भूमीचे असतात.

माघात वेलावर मुद्दाम राखलेल्या शेंगा वाळल्या की आतला चपटा दाणा हाती घेऊन पाहावा: त्याच्या कडेवर उठून दिसणारी लांब पांढरी रेघ वालाच्या जातीची खूणच आहे. रानातल्या पूर्वजाचा कडवटपणा आणि त्याबरोबरचे विषद्रव्य या सुक्या दाण्यात अंशतः अद्याप टिकून आहे. म्हणूनच बिरड्यासाठी वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवतात आणि भिजवणाचे पाणी फेकून देतात.