सहा कुप्यांचं गणित

१८९७ साली मुंबई-पुण्यातल्या प्लेगमुळे इंग्रजांनी साथरोग कायदा केला, हे आपल्याला माहीत आहे. मे २०२१मध्ये केंद्राने त्याच कायद्याचा आधार घेऊन राज्यांना सांगितलं, की म्युकरमायकोसिसचा प्रत्येक रुग्ण कळवा. सव्वाशे वर्षांचा कायदा आणि शत्रू मात्र ओल्या मातीत, शिळ्या पावावर वाढणारी बुरशी!

त्याच महिन्यात यशवंतपूरला माझ्या घरी फोन आला. पलटणीतले जुने सुभेदारसाहेब, मूळचे साताऱ्याकडचे. कोविडमधून उठले होते. साखर जुनीच होती, त्यात स्टेरॉइड झालेली. गाल बधिर झाला, डोळा सुजला. मुलगा म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणतात बुरशी मेंदूत जाईल." नाक आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा असतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, मांस मरतं, काळं पडतं. मेलेल्या भागात रक्त जात नाही, म्हणजे औषधही जात नाही. म्हणून सर्जनला तो भाग कापावाच लागतो आणि साखर आवरावी लागते.

औषध होतं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन. वजनाच्या दर किलोला पाच मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज तीनशे. कुपी पन्नास मिलिग्रॅमची, म्हणून रोज सहा कुप्या, तेही काही आठवडे. मी आयुष्यभर रसद पाहिली, पण त्या आठवड्यात हातात रोज दोनच कुप्या पडत होत्या.

आता या औषधाची कुळकथा. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत एक जिवाणू सापडला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या संशोधकांनी त्यातून ॲम्फोटेरिसिन काढलं. त्याआधी क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीने मेंदूची आवरणं सुजली, की माणूस जवळजवळ हमखास जायचा. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत मिळते (आमच्या गॅलरीत कबुतरांची वसाहतच आहे, असो). मणक्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळला, की शाई तिच्या कवचात शिरत नाही आणि काळोखात उजळ कडं दिसतं. त्या शाईला इंग्रज 'इंडिया इंक' म्हणत, मूळ मात्र चीनचं! एचआयव्ही आल्यावर आमच्या बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही असे रुग्ण वाढले. त्यांना औषधाबरोबर मणक्यात पुन्हा पुन्हा सुई घालून पाणी काढावं लागतं, कारण डोक्यातला दाबच जीव घेतो.

ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, पण आपल्या किडनीलाही सोडत नाही. थंडी वाजून ताप, हातपाय थडथडणं, रक्तातलं पोटॅशियम घसरणं. मग युक्ती निघाली, की औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, गुंडाळून द्यायचं. परदेशी कुपी आपल्या माणसाला परवडणारी नव्हती. इथे आपल्या मुंबईचं नाव येतं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. बिमलकुमार बछावत यांच्या साथीने, हे औषध भारतात बनवण्याचं काम केलं आणि केईएमच्या रुग्णांवर ते तपासलं. पुढे ते बाजारात आलं. महापालिकेचं रुग्णालय, जिथे केसपेपरसाठी रांग लागते, तिथे हे घडलं! आपल्याकडे लढायांची स्मारकं पुष्कळ आहेत. या कामाची साधी पाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही.

२०२१च्या मे महिन्याअखेर वर्ध्यातही ॲम्फोटेरिसिन बनू लागलं, पण आमच्या सुभेदारसाहेबांना तोवर थांबता येणार नव्हतं. डॉक्टरांनी साधं ॲम्फोटेरिसिन सुरू केलं. आधी सलाइन, मग औषध, रोज क्रिएटिनिनची तपासणी. दोन वेळा सर्जरी झाली. उजवा डोळा काढावा लागला; मेंदू वाचला.

२०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही रुग्णांच्या क्रिप्टोकॉकस मेंदूज्वरासाठी लायपोसोमल औषधाचा एकच मोठा डोस आणि सोबत चौदा दिवस दोन प्रकारच्या गोळ्या, असा उपचार मान्य केला. म्युकरला ती सवलत नाही, तिथे आठवडेच मोजावे लागतात.

परवा सुभेदारसाहेब यशवंतपूर स्टेशनावर उतरले. काळा चष्मा, पाठ ताठ. सॅल्यूट ठोकून म्हणाले, "साहेब, निशाण्याला एक डोळा बंदच करावा लागतो की."