मोक्सा: शब्द जपानी, विद्या चिनी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रस्तावनेच्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: 'मोक्सा हे एका औषधी वनस्पतीचं चिनी नाव आहे.' गाईड मॅडमनी पेनाने दोन शब्दांना गोल केले, 'चिनी' आणि 'वनस्पती'. बाजूला फक्त प्रश्नचिन्ह. एका वाक्यात दोन चुका! त्या दुरुस्त करताना जे सापडलं ते आज सांगतो.

आधी वस्तू समजून घेऊ. जपानमध्ये 'योमोगी' नावाचं झुडूप आहे. आपला दवणा ज्या आर्टेमिसिया प्रजातीतला, त्यातलंच हेही. त्याची वाळलेली पानं कुटून चाळली की पानाच्या पाठीवरची लव कापसासारखी हाती लागते. तिला जपानीत 'मोगुसा' म्हणतात, म्हणजे जळणारं गवत. तिची छोटी गोळी त्वचेवर ठेवून पेटवायची, असा तो उपचार. म्हणजे झाडाचं नाव योमोगी, आणि मोगुसा हा त्यापासून केलेला पदार्थ. आता 'मोगुसा' भरभर म्हणून बघा. मधला 'उ' गळतो आणि 'मोग्सा' उरतं. युरोपीय कानांनी ऐकलेला 'मोक्सा' तो हाच.

हा शब्द इंग्रजीत आला डच व्यापारी मार्गाने. हर्मन बुशॉफ हे बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच धर्मोपदेशक होते. त्यांना गाऊटचा त्रास होता. तिथल्या एका वैद्य बाईने मोक्साने त्यांच्यावर उपचार केले आणि त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. 1676 मध्ये लंडनला त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. पुढच्याच वर्षी इंग्रज राजदूत विल्यम टेंपल यांचा पाय नायमेखेनमध्ये असाच सुजला. प्रकाशाच्या तरंगांमुळे आपल्याला माहीत असलेल्या ह्युजेन्सचे वडील कॉन्स्टंटाइन यांनी त्यांना हे पुस्तक सुचवलं. टेंपल यांनी स्वतःच्या पायावर मोक्सा जाळून घेतला आणि अनुभवावर निबंध लिहिला. उपचार खरंच गुणकारी आहे का, हा वेगळा प्रश्न. इथे आपण शब्दामागे चाललोय.

मग 'चिनी' का चूक? कारण चिनीत या उपचाराला 'ज्यू' म्हणतात. विद्या मात्र चीनचीच, आणि फार जुनी. इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेल्या मावांगदुईच्या थडग्यात 1973 साली जे ग्रंथ सापडले, त्यांतही हा उपचार आहे. पण युरोपला तो डचांमार्फत जपानी नावाने कळला. त्यामुळे आजही इंग्रजी लेखक चिनी उपचाराला जपानी शब्दावरून बनवलेलं 'मॉक्सिबस्चन' हेच नाव देतात. त्यातला 'बस्चन' हा 'कंबस्चन'चा, म्हणजे ज्वलनाचा तुकडा.

खरी अडचण पुढे आली. नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन लॅरे यांचं मोक्सावरचं पुस्तक 1822 मध्ये इंग्रजीत आलं. मी ते 'आर्टेमिसियाचा युरोपातला वापर' या तक्त्यात मोठ्या खुशीत टाकलं होतं. नंतर नीट वाचलं तर लॅरे यांचा मोक्सा साध्या कापसाचा! कापसाची वळी, वर पातळ कापड, की झाला मोक्सा. दीडशे वर्षांत 'मोक्सा' म्हणजे 'त्वचेवर जाळायची कुठलीही वळी' असा अर्थ झाला होता. शब्द तोच राहिला, वनस्पती मात्र त्यातून निघून गेली. तक्त्यातली ती ओळ मी खोडली. राहिली असती तर माझ्या प्रबंधात कापूस आर्टेमिसिया म्हणून मिरवला असता.

तेव्हापासून जुन्या ग्रंथात परका शब्द दिसला की मी तीन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहितो: शब्द कुठला, वस्तू कुठली, आणि *त्या वर्षी, त्या लेखकाच्या* हातात नेमकं काय होतं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक वेळा चांगल्या शब्दकोशात मिळतात. तिसरीसाठी मूळ पुस्तकच उघडावं लागतं, आणि तेही कृतीच्या पानापर्यंत. लॅरे यांचा कापूस मला तिथेच सापडला; शीर्षकात तो कुठेच नव्हता.